पहिलं सरकार, चौदा मंत्री आणि आपलं खातं

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर. टिपणावरून उतरवून काढला आहे. बोलण्याची भाषा होती तशीच ठेवली आहे.)



आज आम्हाला विषय दिला आहे तो जरा दूरचा वाटेल. देश स्वतंत्र झाला तेव्हा पहिलं सरकार कसं बनलं, कोणाला कोणतं खातं मिळालं, आणि त्यात आपण कुठं होतो. तुम्ही म्हणाल, हे शाळेतल्या पोरांचं आहे, आम्हाला सातबाऱ्याचं सांगा. सातबाऱ्यावरच येणार आहोत. पण आपले अर्ज या कचेरीतून त्या कचेरीत फिरतात, "हे आमच्या खात्याचं नाही" हे वाक्य आपण वर्षाला शंभर वेळा ऐकतो, ते काहून, हे समजायला थोडं मागं जावं लागतं. 1987 साली स्वातंत्र्याला 40 वर्षं झाली. भाषणं खूप झाली. आपणही आपला हिशेब काढून ठेवू.

15 ऑगस्ट 1947 ला दिल्लीत जे मंत्रिमंडळ बसलं त्यात पंतप्रधान धरून चौदा जण होते. नेहरूंकडे पंतप्रधानपद आणि परराष्ट्र खातं. वल्लभभाई पटेलांकडे गृह, संस्थानं आणि माहिती-नभोवाणी. राजेंद्रप्रसाद अन्न व शेती. मौलाना आझाद शिक्षण. सरदार बलदेवसिंग संरक्षण. जॉन मथाई रेल्वे. षण्मुखम चेट्टी अर्थ. जगजीवनराम मजूर. राजकुमारी अमृत कौर आरोग्य, चौदांत ही एकटी बाई. रफी अहमद किडवाई टपाल-तार. भाभा व्यापार. श्यामाप्रसाद मुखर्जी उद्योग. आणि मराठी बोलणारे दोघं: काकासाहेब गाडगीळांकडे बांधकाम, खाणी आणि वीज, बाबासाहेब आंबेडकरांकडे कायदा.

ही यादी पाठ करायची नाही. ती नीट पाहायची आहे. हे सरकार एका पक्षाचं नव्हतं. काँग्रेसशी उभा दावा असलेली माणसंही त्यात घेतली होती. हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती, पारशी, अस्पृश्य समाजाचे दोघं, सगळ्यांना एकेक जागा मिळेल असं पाहिलं होतं. नव्या देशाचं पहिलं सरकार आहे, घरातला प्रत्येक माणूस पंगतीला दिसला पाहिजे, असा तो विचार. चांगलाच विचार. पण त्या पंगतीत आदिवासी एकही नव्हता. कोरकू नाही, गोंड नाही, संताळ नाही, भिल्ल नाही. बरं, शिकलेला, बोलणारा आदिवासी तेव्हा नव्हताच असंही नाही. छोटानागपूरचे जयपालसिंग मुंडा घटना समितीत बसलेले होते. 1928 साली अ‍ॅमस्टरडॅमला हिंदुस्थानच्या हॉकी संघानं सोन्याचं पदक मिळवलं त्या संघाचे कप्तान, ऑक्सफर्डला शिकलेले. 19 डिसेंबर 1946 ला ते घटना समितीत उभे राहिले आणि आपण जंगली आहोत हे अभिमानानं सांगून म्हणाले की लोकशाही काय ते आदिवासींना शिकवू नका, ती त्यांच्याकडून शिका. त्या माणसाला खातं मिळालं नाही.

आता आपलं पोट ज्यावर चालतं त्या गोष्टी घ्या. वावर, जंगल, मोहफूल, तेंदू, गुरांचा चारा, कटाईची मजुरी. यांचा मंत्री कोण? दिल्लीत शोधला तर सापडत नाही. जमीन महसूल हा प्रांताचा विषय, जंगलही प्रांताचा विषय. म्हणजे आपल्यासाठी सरकार दिल्लीत नव्हतं, नागपुरात होतं.

नागपूरला तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडचं मंत्रिमंडळ होतं. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल, 1946 पासून बसलेले. 15 ऑगस्टला गव्हर्नर बदलले, मंगलदास पक्वासा आले. बाकी खुर्च्या त्याच, खाती तीच. पटवारी तोच, नाकेदार तोच, रेंजर तोच, आणि 1927 चा इंग्रजांचा जंगल कायदा तोच. तो आजही तोच आहे.

इथं वऱ्हाडची एक गंमत सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या पोरांना कोणी सांगत नाही. 15 ऑगस्ट 1947 ला अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हे चार जिल्हे कागदोपत्री कोणाचे होते? निजामाचे. 1853 ला निजामाकडून इंग्रजांनी कारभार घेतला. 1902 ला कायमचा पट्टा केला, वर्षाला 25 लाख रुपये. आपण वावर मक्त्यानं देतो ना, तसं अख्खं वऱ्हाड मक्त्यानं गेलं. 1936 ला नवा करार झाला आणि निजामाच्या मोठ्या पोराला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. या तिन्ही सौद्यांत कोणी कुणब्याला विचारलं नाही, माळ्याला विचारलं नाही, मग डोंगरातल्या कोरकूला कोण विचारतो.

स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, 8 ऑगस्ट 1947 ला, अकोल्यात पुढाऱ्यांची बैठक झाली. अकोला करार म्हणतात तो हाच. मराठी लोकांचा एक प्रांत व्हावा, त्यात महाविदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र असे दोन उपप्रांत असावेत, दोघांचं विधिमंडळ वेगळं, मंत्रिमंडळ वेगळं. मोठमोठी माणसं होती. तो करार पुढं कागदावरच राहिला, 1953 ला नागपूर करार झाला, तो वेगळा विषय. आमचं म्हणणं एवढंच की मंत्रिमंडळं किती असावीत यावर वऱ्हाडात तेव्हापासून आजपर्यंत वाद चालू आहे. अनुशेषाचा हिशेब होतो, दांडेकर समितीनं 1984 ला तो मांडला. पण विदर्भाचा अनुशेष निघतो तेव्हा मेळघाटचा त्यातला वेगळा किती, हे बोलायला कोणी उभा राहत नाही.

आता पंजाबरावांचं बोलू. त्यांचं नाव काढल्याशिवाय अमरावतीत मंत्र्यांवरचं भाषण पुरं होत नाही. डॉ. पंजाबराव देशमुख, पापळ गावचे, 1898 चा जन्म. इंग्रजांच्या काळातच 1930 ला ते नागपूरला मंत्री झाले होते. शिवाजी शिक्षण संस्था त्यांचीच. घटना समितीतही होते. लोक म्हणतात, देशाचे पहिले कृषिमंत्री आमच्या अमरावतीचे. अभिमान बरोबर आहे, पण हिशेब पक्का असावा. शेतीचं खातं पहिल्यांदा राजेंद्रप्रसादांकडे होतं, मग जयरामदास दौलतराम, मग कन्हैयालाल मुनशी. पहिल्या निवडणुकीनंतर 1952 ला पंजाबराव शेतीचे मंत्री झाले, पण अन्न व शेती हे अख्खं मंत्रालय किडवाईंकडे होतं, मग अजितप्रसाद जैनांकडे. म्हणजे पंजाबरावांच्या वर दुसरा मंत्री होता. दहा वर्षं, 1962 पर्यंत, ते सरकारात राहिले. मंत्र्यामंत्र्यातही असा फरक असतो, हे ध्यानात ठेवा. कोणी येऊन म्हणालं की मी तुमचा मंत्री, तर विचारायचं, खातं पुरं तुमच्याकडे आहे का अर्धं?

आणि जंगल? जंगलाचं देशाचं धोरण त्याच अन्न व शेती मंत्रालयातून निघालं. वनमहोत्सव मुनशींनी 1950 ला सुरू केला, शाळेची पोरं दर पावसाळ्यात झाडं लावतात तो. आणि मे 1952 मध्ये राष्ट्रीय वनधोरण जाहीर झालं. ज्या वर्षी पंजाबराव मंत्री झाले तेच वर्ष. त्या धोरणात काय म्हटलं आहे ते ऐका. देशाची एक तृतीयांश जमीन जंगलाखाली पाहिजे. आणि एखादं गाव जंगलाला लागून आहे ही नुसती योगायोगाची गोष्ट, त्यामुळे देशाच्या हक्काला बाध येत नाही. योगायोग! कोरकू मेळघाटात राहतो हा योगायोग आणि रेंजर बदली होऊन आला तो हक्कानं. त्या वेळी त्या मंत्रालयात शेतकऱ्याचं दुःख जाणणारी माणसं होती, यात शंका नाही. पण शेतकरी म्हणजे पऱ्हाटी पिकवणारा, सातबारा असणारा. वनखात्याच्या गावात राहून खात्याच्या मर्जीवर वावर वाहणारा त्यांच्या हिशेबात शेतकरी नव्हता, तो खात्याचा मजूर होता.

याउलट बाबासाहेबांचं पाहा. त्यांच्याकडे कायदा खातं होतं. 1951 च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. हिंदू कोड बिलाचं कारण सगळ्यांना माहीत आहे. पण राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी हेही सांगितलं की कायदा खात्यात कारभाराचं काम थोडं, आपण नियोजनाचं खातं मागितलं होतं, ते मिळालं नाही. एवढ्या मोठ्या माणसाला कळत होतं की मंत्रिपद मिळणं एक आणि जिथं पैसा व हुकूम आहे ते खातं मिळणं दुसरं. आपल्यात जे साथी "आपला एक मंत्री पाहिजे" म्हणून हट्ट धरतात त्यांनी हे लक्षात घ्यावं. त्या मुद्द्यावर पुन्हा येतो.

आता मुख्य गोष्ट. घटनेत आदिवासींसाठी एक मंत्री लिहून ठेवला आहे. गंमत नाही, खरंच आहे. कलम 164. त्यात आधी सांगितलं आहे की मुख्यमंत्री राज्यपाल नेमतील, बाकीचे मंत्री मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्यानं. आणि लगेच खाली 2006 पर्यंत असं जोडलेलं होतं की बिहार, मध्य प्रदेश आणि ओरिसा या राज्यांत आदिवासी कल्याणाचा एक मंत्री असलाच पाहिजे. त्याच्याकडे अनुसूचित जाती, मागासवर्ग किंवा दुसरं काही काम असलं तरी चालेल, पण हे खातं असलं पाहिजे. घटनेनं संरक्षणमंत्री असावा असं म्हटलेलं नाही, अर्थमंत्री असावा असं नाव घेऊन सक्ती केलेली नाही. मुख्यमंत्री ठरवील ती खाती. पण त्या तीन राज्यांत आदिवासींचा मंत्री पाहिजे म्हणजे पाहिजे, असं लिहिलेलं होतं.

मग आपण? 26 जानेवारी 1950 ला घटना लागू झाली तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडचं नाव मध्य प्रदेश झालं. राजधानी नागपूर. आपले अमरावती-अकोला त्यातच. म्हणजे त्या दिवशी मेळघाटच्या माणसाला घटनेनं दिलेला मंत्री होता. गोंड राजघराण्यातले सारंगगडचे नरेशचंद्र सिंह हे शुक्लांच्या मंत्रिमंडळात होते आणि आदिवासी कल्याण खातं त्यांच्याकडे आलं. हेच पुढं 1969 ला तेरा दिवसांचे मुख्यमंत्री झाले. त्या खात्यानं फार दिवे लावले असं आम्ही म्हणत नाही. पण विधानसभेत उठून नाव घेऊन विचारता येईल असा माणूस होता, आणि त्याची खुर्ची काढून टाकायची मुभा कोणत्याच मुख्यमंत्र्याला नव्हती.

1 नोव्हेंबर 1956. राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. मराठी माणसं एकत्र आली, चांगलंच झालं, आम्ही त्याच्या विरोधात नाही. पण कलम 164 मध्ये मुंबई राज्याचं नाव नव्हतं. कोणी घातलंही नाही. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला, त्याचंही नाव घातलं नाही. तीच तीन नावं 2006 पर्यंत राहिली. सीमेच्या पलीकडं, बैतूलच्या कोरकूला, खंडव्याच्या कोरकूला घटनेतला मंत्री आहे. अलीकडं, धारणीच्या कोरकूला नाही. तापीच्या या काठाला आणि त्या काठाला सोयरीक चालते, पोरी दिल्या-घेतल्या जातात, पण हक्क बदलतो. एका रात्रीत तो गेला आणि आपल्यातल्या कोणाला पत्ताही लागला नाही. त्या दिवसांत मुंबई कोणाची यावर एवढं रण पेटलं होतं, माणसं गोळीबारात मेली, त्यात या एका ओळीकडं पाहायला कोणाला सवड नव्हती.

1960 ला महाराष्ट्राचं पहिलं मंत्रिमंडळ यशवंतराव चव्हाणांचं. त्यात महसूलमंत्री होते आपल्या वऱ्हाडातले, पुसदचे वसंतराव नाईक. पुढं 1963 पासून 1975 पर्यंत तेच मुख्यमंत्री. म्हणजे जमिनीचं खातं आणि मग अख्खं राज्य आपल्या भागातल्या माणसाच्या हातात पंधरा वर्षं होतं. आदिवासींचं काम मात्र समाजकल्याण खात्याच्या कोपऱ्यात. वेगळा आदिवासी विकास विभाग निघाला तो 1983 साली, स्वातंत्र्यानंतर 36 वर्षांनी. तोही सरकारच्या हुकमानं. उद्या दुसऱ्या हुकमानं पुन्हा समाजकल्याणात मिसळला तर घटना आडवी येणार नाही. दिल्लीतही तेच, आपला विषय गृह खात्यात होता, मग समाजकल्याणात, मग पुन्हा गृहात, 1985 ला कल्याण मंत्रालयात. बिऱ्हाड पाठीवर.

मंत्री नसला तरी घटनेत आपल्यासाठी दुसरा एक माणूस आहे, तो राज्यपाल. पाचवी अनुसूची. इंग्रजांच्या 1935 च्या कायद्यात मेळघाट तालुका 'अंशतः वगळलेलं क्षेत्र' होता. तिथं प्रांताचा कायदा आपोआप लागू होत नव्हता, गव्हर्नरनं म्हटलं तरच. 1950 ला तोच तालुका अनुसूचित क्षेत्र झाला. 1985 च्या नव्या आदेशातही धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके आहेत. तिथं राज्यपालाला अधिकार आहे की एखादा कायदा या भागाला लागू नाही, किंवा बदल करून लागू, असं जाहीर करावं. आदिवासीची जमीन दुसऱ्याकडे जाण्यावर बंदी घालावी. सावकारीवर नियम करावेत. दर वर्षी राष्ट्रपतींना अहवाल द्यावा. आदिवासी सल्लागार परिषद असावी, वीसपर्यंत सभासद, त्यांतले तीन चतुर्थांश आदिवासी आमदार. एवढं सगळं. आता विचारा, 1980 चा वनसंवर्धन कायदा आला तेव्हा, त्याआधी 1974 ला मेळघाटात व्याघ्र प्रकल्प आला तेव्हा, मेळघाटच्या माणसाच्या बाजूनं राजभवनातून एक ओळ तरी निघाली का? ती निघावी म्हणून आपणही आजवर नीट मागणी केलेली नाही. मोर्चे कलेक्टर कचेरीवर नेले, राजभवनाच्या नावानं निवेदन क्वचितच.

आणि तिसरा माणूस होता, कलम 338 चा आयुक्त. पहिले आयुक्त श्रीकांत 1950 ला नेमले गेले. काम काय, तर चौकशी करून राष्ट्रपतींना अहवाल देणं. हुकूम करायचा अधिकार नव्हता. पण अहवाल संसदेपुढं जायचा, छापला जायचा. 1987 साली त्या पदावर डॉ. ब्रह्मदेव शर्मा होते, बस्तरला कलेक्टर राहिलेला माणूस. 

हे झालं मेळघाटचं. पण इथं अकोट, तेल्हारा, पातूर, मालेगावकडचेही साथी बसले आहेत. त्यांचं दुखणं आणखी वेगळं. अकोला जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र एक इंचही नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे 1956 च्या अनुसूचित जमातींच्या यादीत विदर्भापुरता काय मजकूर होता? अमरावती जिल्ह्यात मेळघाट तालुका, चांदा जिल्ह्यात गडचिरोली आणि सिरोंचा, यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, वणी आणि यवतमाळ. एवढ्याच तालुक्यांत राहणारे कोरकू, आंध वगैरे अनुसूचित. म्हणजे घाटाच्या वर राहतो तो भाऊ आदिवासी आणि घाट उतरून अकोट तालुक्यात वावर केलं तो सख्खा भाऊ आदिवासी नाही. पुसदचा आंध नाही, पातूरचा आंध नाही. माणसाची जात तालुक्याच्या दगडावर ठरत होती. हे 1976 च्या कायद्यानं काढलं, क्षेत्रबंधन उठलं, 1977 पासून अंमल झाला. मधली वीस वर्षं शाळेची सवलत गेली, नोकऱ्या गेल्या. आणि वावरं गेली.

आता वावराचं. 1974 चा जमीन परत देण्याचा कायदा, अंमल 1 नोव्हेंबर 1975 पासून. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे गेली असेल तर ती परत. विक्री कायदेशीर होती, खरेदीखत नोंदलेलं आहे, असं समोरचा म्हणेल. म्हणू द्या. हा कायदा कायदेशीर विक्रीलाही लागू आहे, तेच त्याचं बळ. सुप्रीम कोर्टानं 1984 च्या डिसेंबरात हा कायदा उचलून धरला आहे. आणखी एक, या कामात वकील उभा करता येत नाही. आपल्यालाही नाही आणि सावकारालाही नाही. म्हणून वकिलाच्या नावानं कोणी शंभर-दोनशे मागत असेल तर देऊ नका. जमीन परत घेताना आपल्याला शेतसाऱ्याच्या 48 पट आणि केलेल्या सुधारणांची किंमत भरावी लागते, ती हप्त्यानं भरता येते. शेतसारा किती कमी असतो तुम्हाला माहीत आहे. मात्र वावर स्वतः वाहीन असं लिहून द्यावं लागतं.

गेल्या वर्षभरात अकोल्याकडच्या काही साथींना एका कचेरीत तोंडी सांगून परत पाठवलं, की 1965 ला तुमच्या बापानं जमीन विकली तेव्हा तुम्ही यादीत नव्हता, म्हणून आदिवासी नव्हता, म्हणून हा कायदा तुम्हाला नाही. ऐकणाऱ्याला खरं वाटतं. आपल्या दोन कार्यकर्त्यांनाही खरं वाटलं. पण ते चूक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 36 काढा, त्याच्या खालचं स्पष्टीकरण वाचा. त्यात सरळ म्हटलं आहे की यादीतल्या जमातीचा माणूस यादीत सांगितलेल्या तालुक्यात राहत नसला तरी त्याला या कलमाच्या संरक्षणाची गरज आहे, आणि त्याला अनुसूचित जमातीच्या माणसासारखंच वागवावं. आणि जमीन परत देण्याच्या कायद्यात 'आदिवासी' कोण याची व्याख्या याच स्पष्टीकरणावर बांधलेली आहे. म्हणजे अकोटचा कोरकू आणि पातूरचा आंध 1976 च्या आधीही वावरापुरता आदिवासीच होता. नोकरीला नसेल, वावराला होता. ज्यानं हे स्पष्टीकरण लिहिलं त्या मसुदा करणाऱ्या बाबूला आम्ही ओळखत नाही, पण मंत्र्यांनी चाळीस वर्षांत केलं नाही ते त्यानं चार ओळींत केलं.

इथं एक साथी विचारतील, अर्जाची मुदत? कायद्यात अर्जाला मुदत घातली आहे. पण कलेक्टरनं स्वतःहून हात घालायला मुदत नाही, 'केव्हाही' असा शब्द आहे. म्हणून आपला कागद नुसता अर्ज म्हणून द्यायचा नाही. त्यात लिहायचं की कलेक्टर साहेबांनी स्वतःहून चौकशी सुरू करावी. एवढ्या वाक्यानं फरक पडतो. निकाल विरुद्ध गेला तर अपील महसूल न्यायाधिकरणाकडे आहे, मंत्र्याकडे नाही. पुष्कळ जण निकाल घेऊन मुंबईला मंत्र्याच्या बंगल्यावर जातात, दोन दिवस बसतात, हार घालतात, "पाहतो" ऐकून येतात आणि तोवर अपिलाचे दिवस निघून जातात.

आता तो मंत्र्याचा वाद. आपल्यात दोन मतं आहेत आणि ती लपवायची गरज नाही. काही साथी म्हणतात, कलम 164 मध्ये महाराष्ट्राचं नाव घाला ही मागणी आपण उचलली पाहिजे, दिल्लीपर्यंत नेली पाहिजे. दुसरे म्हणतात, बिहारमध्ये मंत्री होता, तिथं आदिवासींच्या जमिनी राहिल्या का? मध्य प्रदेशात होता, बस्तरचं जंगल राहिलं का? आमचं म्हणणं असं. मागणी न्याय्य आहे, ती ठरावात घ्यावी, कारण 1956 ला जे होतं ते गेलं आणि जे होतं ते परत मागणं भीक नव्हे. पण संघटनेची सगळी ताकद त्यात घालू नये. आदिवासी विकासाच्या मंत्र्याकडे आश्रमशाळा आहेत, तेलपंप आणि बैलजोड्यांच्या योजना आहेत. वावर महसूलमंत्र्याकडे आहे. जंगल वनमंत्र्याकडे आहे आणि 1980 पासून त्याच्याही हातात राहिलेलं नाही, जंगलाची एक एकर दुसऱ्या कामाला द्यायची तर दिल्लीची परवानगी. तीन खात्यांच्या मधोमध आपलं घर आहे. एका दाराला कुलूप तोडलं तरी बाकीची दोन बंदच. म्हणून मंत्री मागायचा तर असं मागा, की अनुसूचित क्षेत्रातली जमीन आणि जंगल यांच्या फाइलवर त्याची सही लागेल. नाहीतर पंगतीत एक पान वाढवल्यासारखं होईल, आणि 1947 पेक्षा फार वेगळं काही होणार नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी पुढच्या अंकात लिहावं, आम्ही छापू.

आता कामाचं, आणि मग थांबतो. अकोट, तेल्हारा, पातूर आणि मालेगाव या चार तालुक्यांतले अर्ज एकत्र करून द्यायचे ठरलं आहे. प्रत्येकानं पुढच्या बैठकीला आणायचं: 1957 च्या आसपासचा जुना सातबारा किंवा पेरेपत्रकाची नक्कल, विक्री झाली तेव्हाच्या फेरफाराची नक्कल, खरेदीखत असेल तर ते, इसाराची चिठ्ठी असेल तर तीही. बापाच्या किंवा आजाच्या नावापुढं जात लिहिलेला कोणताही जुना कागद, शाळेचा दाखला, कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या बुकाची नक्कल. बायांच्या नावावर वावर होतं तिथं बाईनं स्वतः यायचं, पोराला पाठवून चालणार नाही, कारण चौकशीत जबाब तिचाच लागतो. पटवारी नक्कल देत नसेल तर मागणीचा अर्ज दोन प्रतीत करा, एकीवर तारीख टाकून सही घ्या. सही देत नसेल तर तोच अर्ज रजिस्टर टपालानं पाठवा आणि पावती बुकात चिकटवा. ज्यांचं वावर 6 जुलै 1974 नंतर गेलं त्यांचे कागद वेगळ्या पिशवीत ठेवा, त्यांना कलम 36-अ लागतं, ते अर्ज निराळे लिहावे लागतील. धारणी-चिखलदऱ्याच्या साथींनी या खेपेला वनखात्याच्या गावांची यादी आणायची, गावाचं नाव, घरं किती, किती वर्षांपासून वाहतात. ती राज्यपालांच्या निवेदनाला जोडायची आहे. लिहिता येणाऱ्यानं न येणाऱ्याचं लिहून द्यायचं, आणि पैसे घ्यायचे नाहीत.